एकच म्हटलं होतं

१

संमतिपत्रावर आकडा एक होता. अंकात एक, अक्षरात एक, आणि खाली बाईची ठसठशीत सही. सोनोग्राफीच्या कागदावर मात्र ठोके तीन होते.

मेट्रनबाईंनी दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडले, चष्मा कपाळावर चढवला आणि डोळे चोळले. तीस वर्षं त्यांनी कमी दिवसांच्या बाळांच्या वॉर्डात काढली होती. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा त्यांना दवाखान्यांविरुद्धच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या कार्यालयात आणून बसवलं, खुर्चीतलं काम आहे म्हणून. कसली खुर्ची नि कसलं काय. आठवड्यातले चार दिवस लोकांचे जिने चढण्यात जायचे. निवृत्तीला चार महिने उरले होते. हल्ली त्यांना कशाचा राग म्हणून येत नसे, नुसता शीण येई.

समोर बसलेली बाई पस्तिशीची, लहान चणीची होती. कपड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर ती शिवणकाम करायची. गळ्यात मापाची टेप तशीच लोंबत होती, काढायचं भान राहिलेलं दिसत नव्हतं.

"मी एकच सोडा म्हटलं होतं," शिवणवाली म्हणाली. "चार चार वेळा म्हटलं होतं. माझ्या गर्भाशयातली गाठ काढली तेव्हा ते कापून परत शिवलंय. एका बाळाचा ताण घेईल, दोनाचा सांगता येत नाही, असं मोठे डॉक्टरच म्हणाले होते. मला तर लगेच पटलं. शिवण किती ओढायची ते मला नाही कळणार तर कुणाला?"

"आणि आता तीन आहेत."

"तीन आहेत. माझे गोठवलेले भ्रूणही तीनच होते, मॅडम. टेस्ट ट्यूब सेंटर म्हणतं, एक वितळवताना गेला, एक पोटात सोडला, एक अजून गोठवायच्या टाकीत आहे. मग पोटातले तीन आले कुठून? तिन्ही सोडले असणार. टाकी रिकामी असणार."

"टाकी उघडून बघायला सांग ना."

"नळी आहे, नळीवर माझं नाव आहे. आत कुणी आहे की नाही ते वितळवल्याशिवाय दिसत नाही म्हणे." तिने टेपचं टोक बोटाला गुंडाळलं. "शुक्रवारी मोठ्या रुग्णालयात बोलावलंय. तीनपैकी कमी करायचे की नाही, ते सांगायचंय. कमी करताना राहिलेलंही जाऊ शकतं, असं सांगून ठेवलंय त्यांनी. टाकीत एक शिल्लक असेल तर मी मन घट्ट करीन. नसेल तर कुणाला हात लावू देणार नाही, मग शिवण उसवली तर उसवली. मला फक्त एवढं सांगा, टाकीत माझं कुणी आहे का?"

मेट्रनबाईंनी शिवण उसवलेल्या बायका पाहिल्या होत्या. सव्वीस आठवड्यांची तिळीही पाहिली होती, तळहाताएवढी, नळ्यांच्या जंजाळात झोपलेली.

जाता जाता शिवणवालीने पाकिटातून एक छोटा फोटो काढून टेबलावर ठेवला. सोडलेल्या भ्रूणाचा फोटो सेंटरवाले आठवण म्हणून देत. करड्या रंगाचा गोल, कवच एका बाजूने फुटलेलं, आणि आतला जीव अर्धा बाहेर डोकावलेला. कोपऱ्यात मशीनने वेळ छापली होती, बारा वाजून पाच मिनिटं.

"हा पण ठेवून घ्या," ती म्हणाली. "मला बघवत नाही."

आज सोमवार होता.

२

सेंटर तिसऱ्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट बंद. मेट्रनबाई वर पोचल्या तेव्हा त्यांच्या गुडघ्यांनी बोलणं सोडलं होतं. भिंतभर गुटगुटीत बाळांचे फोटो होते, बरीचशी जुळी. जुळ्यांच्या फोटोत इनक्युबेटर मात्र कुठेच दिसत नव्हता.

लॅबच्या दारावर एक नवा कागद चिकटवला होता: 'भ्रूण वितळवल्यावर तीस मिनिटांत निर्णय नोंदवावा.' खाली मोठ्या डॉक्टरांची सही. त्या कागदाआडून एका जुन्या पिवळ्या कागदाचा कोपरा डोकावत होता. मेट्रनबाईंनी नखाने नवा कागद जरा उचलला. खाली लिहिलं होतं, 'दोन तास थांबावे.'

मोठे डॉक्टर साठीचे, गोड बोलणारे गृहस्थ होते. थकलेलेही होते. डोळ्यांखाली चांगली काळी वर्तुळं होती.

"मॅडम, लॅबमधून खिडकीतून नळी येते, मी ती आत घालतो आणि दट्ट्या दाबतो. आत काय आहे ते मला उघड्या डोळ्यांनी दिसत नाही. कुणालाच दिसणार नाही. लॅबने एक सांगितला, मी एक सोडला."

"मग तीन कसे झाले?"

"एक भ्रूण आत गेल्यावर फुटून त्याचे दोन झाले. होतं असं कधी कधी. आणि तिसरा..." त्यांनी हात उडवले. "नवराबायको आहेत. त्याच महिन्यात निसर्गानेही आपलं काम केलं असेल."

मेट्रनबाईंनी फाइलची पानं उलटली. घाई त्यांना कशाचीच नव्हती. "पान चार. दोन्ही गर्भनलिका काढून टाकल्या आहेत. शस्त्रक्रिया तुमचीच आहे, सहीसुद्धा."

डॉक्टरांनी पान पाहिलं.

"निसर्गाला येऊ द्यायला तुम्ही रस्ताच ठेवलेला नाही," मेट्रनबाई म्हणाल्या. "सोनोग्राफीत वार किती दिसतायत?"

"दोन. एकाची वेगळी, दोघांत मिळून एक."

बाळांना पोसणाऱ्या वारेचा तो आकडा मेट्रनबाईंनी वहीत 'वार दोन' असा लिहिला आणि खाली रेघ ओढली. मग फाइलमधला भ्रूणाचा फोटो मागून घेतला. करडा गोल, कवच अखंड, आतला जीव गप पडून. वेळ बारा वीस. तो त्यांनी न बघितल्यासारखं करून वहीत ठेवला.

"त्या दिवशी इतकी घाई कशाची होती, डॉक्टर? दारावरचा कागद नवा आहे."

"दुपारच्या आत चौदा बायकांना भ्रूण सोडायचे, चौदा ट्रान्सफर बसवायच्या असतात. बायका पाणी पिऊन, लघवी धरून ताटकळत बसतात, बोलणी मला खावी लागतात." ते उठले. "लॅबमध्ये विचारा. तिथे सगळं दोन माणसांच्या डोळ्यांसमोर होतं. तिथे चूक होऊच शकत नाही."

३

दोन माणसांतलं एक माणूस म्हणजे सिस्टर. पन्नाशीची, घामाघूम, आणि कमरेवर कायम एक हात. मेट्रनबाईंना ती बघताक्षणी आवडली. म्हणूनच वाईट वाटलं.

लॅबबाहेरच्या कपाटाशी त्या बोलत उभ्या राहिल्या. कपाटात भ्रूण वितळवायच्या द्रवाच्या छोट्या बाटल्या ओळीने लावल्या होत्या. एका भ्रूणाला एक बाटली, आणि प्रत्येक बाटलीचं लेबल त्या बाईच्या कागदावर चिकटवायचं, असा नियम होता. शिवणवालीच्या कागदावर लेबलं दोन होती. बोलता बोलता मेट्रनबाईंनी बाटल्या मोजल्या आणि साठ्याच्या वहीशी ताडून पाहिल्या. साठा चोख होता.

"नळीत भ्रूण भरताना पद्धत काय आहे तुमची?"

"लॅबवाली मॅडम दुर्बिणीतून बघते आणि मोठ्याने आकडा म्हणते. मग मी बघायचं आणि तोच आकडा मोठ्याने म्हणायचा. मग सही."

"त्या दिवशी म्हणालात?"

"सही आहे की माझी."

मेट्रनबाईंनी त्या दिवसाच्या कागदांतून एक कागद वर काढला. "या बाईला ताप आला होता. ती त्या दिवशी आलीच नाही. तिच्या कागदावरही तुमची सही आहे, सिस्टर. न झालेल्या ट्रान्सफरचा तुम्ही आकडा म्हणालात?"

सिस्टरने कमरेवरचा हात काढला आणि कपाटाला टेकवला.

"सकाळीच सगळ्या कागदांवर करून टाकते," ती हळूच म्हणाली. "चौदा बायकांचे कपडे बदला, त्यांना आडवं करा, धीर द्या, उठवा. दुर्बिणीशी जायला वेळच नसतो. दुर्बीण कधी चुकत नाही हो."

दुर्बीण म्हणजे लॅबवाली मॅडम. तिला सगळे तोंडावरही दुर्बीणच म्हणत.

"पेशंटला फोटो कोण देतं?"

"मीच. ट्रेमध्ये छापून पडलेला असतो, वरचा उचलायचा नि द्यायचा."

"त्या दिवशी ट्रेमध्ये किती होते?"

"दोन होते वाटतं. मला वाटलं एकाच्याच दोन कॉप्या." तिने आवाज आणखी खाली आणला. "मेट्रनबाई, एक सांगू? त्या दिवशी सकाळी तिच्या नवऱ्याचा लॅबमध्ये फोन आला होता. मी तिथेच होते. बायकोला न सांगता दोन सोडा, असं म्हणत होता तो."

४

नवरा माल वाहणारा ट्रक चालवायचा. मंगळवारी दुपारी तो गोदामाच्या आवारात भेटला, चाकाला टेकून जेवणाचा डबा उघडून बसला होता. मेट्रनबाईंना बघून त्याने डबा मिटला.

"जेव आधी," त्या म्हणाल्या आणि शेजारच्या उलट्या खोक्यावर बसल्या.

तो जेवला नाही. "केला होता फोन," तो म्हणाला. "चार वर्षं चाललंय, मावशी. दरवेळी ती इंजेक्शनं टोचून घेते, आणि मी कुठेतरी तीनशे किलोमीटरवर गाडीत. वाटलं, एकदाच दोन झाले की सुटलो. तिला परत त्या पलंगावर चढायला नको."

"मग?"

"त्या लॅबवाल्या बाईंनी झापलं मला. म्हणाल्या, संमतिपत्र तिचं आहे, ती म्हणेल तेवढेच जातील, परत फोन करू नका. आणि ठेवून दिला." त्याने हाताची बोटं एकमेकांत अडकवली. "तेव्हा राग आला होता. आता वाटतं, त्यांनी ऐकलं तर नाही ना माझं? मी म्हणालो म्हणून झालं का हे? तिने विचारलं तर काय सांगू?"

मेट्रनबाईंना त्याची दया आली. खरं सांगायचं तर त्यांना सगळ्यांचीच दया येत होती, आणि चौकशीत त्याने पंचाईत होते. सकाळी लॅबमधल्या ज्या बाईने त्याला फोनवर सडेतोड नाही म्हटलं, तिनेच दुपारी आपण होऊन जास्तीचा भ्रूण का सोडावा? डॉक्टरांच्या यशाचे आकडे वाढावेत म्हणून? तिला त्यातलं काय मिळणार होतं?

बसथांब्यावर बसून त्यांनी वही उघडली आणि दोन्ही फोटो मांडीवर शेजारी शेजारी ठेवले. एक शिवणवालीच्या पाकिटातला, एक फाइलमधला. बस आली आणि त्यांच्यासमोरून निघून गेली, तरी त्या उठल्या नाहीत. कोण, कधी आणि किती, हे आता त्यांना कळलं होतं. का, तेवढं विचारायचं राहिलं होतं.

५

दुर्बीण चाळिशीची, सडपातळ. डोळ्यांभोवती सूक्ष्मदर्शकाच्या रबराचे कायमचे वळ उमटलेले. लॅबमध्ये अर्धा अंधार होता आणि यंत्रांची बारीक घरघर. मेट्रनबाईंनी स्टूल ओढून घेतलं.

"हे दोन फोटो," त्या म्हणाल्या. "दोन्हींवर तिचं नाव, दोन्ही तिच्या एकुलत्या एक सोडलेल्या भ्रूणाचे. बारा पाचला तो कवच फोडून अर्धा बाहेर आलाय. बारा वीसला अखंड कवचात गप बसलाय. तुमच्या शास्त्रातलं मला फार कळत नाही. पण अंड्यातून निघालेलं पिल्लू पंधरा मिनिटांनी परत आत जाऊन बसलेलं मी तरी पाहिलेलं नाही. हे दोन वेगळे भ्रूण आहेत. दोन्ही जिवंत."

दुर्बिणीने दोन्ही फोटो हातात घेतले.

"पोटात वार दोन. सोडल्यावर एखादा फुटून त्याचे दोन झाले तर दोघांची वार सहसा एकच राहते. म्हणजे भ्रूण दोन गेले आणि त्यातला एक फुटला. कागदावर एक आहे, पोटात तीन आहेत, आणि खरा आकडा दोन आहे. तिसऱ्याला तू हात लावलेला नाहीस. बाटल्या दोनच वापरल्यात, साठा मी मोजला. टाकीत एक आहे. बरोबर?"

"आहे," दुर्बीण म्हणाली. "त्याला मी शिवलेसुद्धा नाही."

"डॉक्टरांना नळीत दिसत नाही. सिस्टरने सही सकाळीच केली होती. मोठ्याने आकडा म्हणायला त्या वेळी इथे तुझ्याशिवाय कुणी नव्हतं. नवऱ्याला तर तू उडवून लावलंस. मग का केलंस?"

यंत्र कुठेतरी टिकटिकलं. दुर्बिणीने ते बंद केलं आणि परत येऊन बसली.

"साडेनऊला पहिला वितळवला. चोळामोळा झालेला होता. सगळेच तसे दिसतात सुरुवातीला, दोन तास थांबायचं असतं. पण दारावर तो कागद लागला होता. दहाला तो तसाच होता. मी 'गेला' म्हणून नोंद केली आणि दुसरा वितळवला."

"आणि?"

"आणि तिचा नंबर लागेपर्यंत बारा वाजले. आधीच्यांना उशीर होत गेला. दोन तास आरामात मिळाले असते, मॅडम." ती हसल्यासारखं करून थांबली. "बाराला टाकायच्या डिश गोळा केल्या. टाकायच्या आधी एकदा बघायची मला सवय आहे. तो फुलला होता. कवच फोडून बाहेर यायला लागला होता. मला इतका आनंद झाला की मी फोटोच काढला त्याचा. छापला सुद्धा."

म्हणजे आनंदाच्या भरात छापलेला फोटो ट्रेमध्ये वर पडला, सिस्टरने तोच उचलला आणि तो शिवणवालीच्या पाकिटात जाऊन बसला. मेट्रनबाईंना हे सगळं दिसत होतं.

"मोठ्या डॉक्टरांना सांगायचं होतंस."

"नोंद बदलायला त्यांची परवानगी लागते. जिवंताला मेला कसा लिहिलास, हा पहिला प्रश्न. कागदावर मेलेला परत गोठवून टाकीत ठेवायचा कसा? बाहेर ती वाट बघत होती. खिडकीवर टकटक चालली होती. वाटलं, दोन्ही सोडले तरी रुजला तर एकच रुजेल, बहुतेक वेळा तसंच होतं." तिने डोळ्यांभोवतीचे वळ चोळले. "मला टाकवला नाही, मॅडम. पंधरा वर्षांत किती टाकलेत. त्या दिवशी नाही टाकवला."

मेट्रनबाईंना कितीतरी दिवसांनी राग आला. त्यांना स्वतःलाच त्याचं नवल वाटलं.

"तुला टाकवला नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून आता शुक्रवारी ते तिला करायचंय. तुझ्या वाटणीचं काम तू तिच्या गळ्यात घातलंस. आणि तुझ्याजवळ तर नुसती डिश होती. तिने ठोके ऐकलेत."

दुर्बिणीने ड्रॉवरमधून कोरा कागद काढला.

"लिहून देते," ती म्हणाली. "सगळं."

"दे. आकडा अक्षरातही लिही."

तिचं लिहून होईपर्यंत मेट्रनबाई दाराशी गेल्या. तीस मिनिटांचा कागद त्यांनी जपून, न फाडता सोडवला आणि अहवालाला जोडायला घडी करून घेतला. झापायचं तर एकटीला झापून चालणार नव्हतं.

६

शिवणवाली मशीनवर होती. पाय पायडलवर, पण चाक फिरत नव्हतं. मेट्रनबाईंनी तिला सगळं सांगितलं, काही न गाळता. फोनचंही सांगितलं, आणि त्या फोनमुळे काही झालेलं नाही हेही. मग दोन्ही फोटो तिच्यापुढे कापडावर ठेवले.

"टाकीत एक आहे," त्या म्हणाल्या. "खात्रीने आहे."

तिने मान हलवली.

"यातल्या कुणाचे दोन झाले?"

"ते कुणालाच सांगता येणार नाही."

"हा मेलेला लिहिला होता ना?" तिने कवचाबाहेर आलेल्यावर बोट ठेवलं. "आणि तरी उठून बसला." मग बोट काढून घेतलं. "मी पहिल्यांदा एक म्हणाले, तेव्हा काय सोपं होतं. त्यात कुणाला जावं लागत नव्हतं. आता तोच शब्द परत म्हणायचा."

"म्हणायलाच हवा असं नाही. तिन्ही ठेवायचे म्हणालीस तरी तुझ्या बाजूने उभं राहीन मी."

"ही शिवण तीन धरणार नाही, मावशी. दोनही नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं." तिने दोन्ही फोटो एकावर एक ठेवून पाकिटात घातले. "शुक्रवारी याल?"

शुक्रवारी मेट्रनबाईंना गुडघ्याच्या डॉक्टरांनी बोलावलं होतं. दोन महिन्यांनी मिळालेली वेळ होती.

"येईन," त्या म्हणाल्या.

मोठ्या रुग्णालयातली खोली लहान होती. पडद्यावर तीन ठिपके लुकलुकत होते, एक अलीकडे, दोन पलीकडे जवळजवळ. नवरा भिंतीला टेकून उभा होता, त्याला बसवत नव्हतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सगळं परत समजावलं, एकाच वारेवरची दोघं आणि वेगळा असलेला एक, धोका कुठे किती. मग कागद पुढे केला.

"किती ठेवायचे?"

"एक," शिवणवाली म्हणाली. पडद्याकडे बघून म्हणाली.

नर्सने सहीसाठी पेन उघडलं. मेट्रनबाईंनी तिच्या मनगटावर हात ठेवला.

"आधी मोठ्याने म्हणायचं," त्या म्हणाल्या. "बघून. सगळ्यांनी."

नर्सने डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. डॉक्टरीणबाई पडद्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "एक." नर्सने पडद्याकडे पाहिलं आणि म्हटलं, "एक." मेट्रनबाईंनी चष्मा नीट केला, तिन्ही ठिपक्यांकडे एकेक करून पाहिलं, आणि त्यांनीही म्हटलं.

उरला नवरा. तो भिंतीपासून सुटला, पलंगाशी आला आणि बायकोचा हात धरून पडद्याकडे बघत राहिला. ती थांबून राहिली. घाई आता कुणालाच नव्हती.

"एक," तो म्हणाला.

मग तिने पेन मागून घेतलं आणि आकडा लिहिला, आधी अंकात आणि मग अक्षरात.